डाव्या भुवईची खाच

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, देव जाणे — पण बसा, ऐकाच आता.

कर्जतला मी देवळांच्या भिंती रंगवायचो. लोक पेंटर म्हणत आणि मी शेफारून जात असे. एकदा पळसदरीची भागीबाई आली. तिचा एकुलता धर्मा तापाच्या साथीत गेला होता. फोटो कुठला असणार? "मी सांगत जाते, तू काढ," म्हणाली. मी हो म्हणालो. धर्माला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

पहिले दोन दिवस मजेत गेले. रेघा भराभर उतरतात, शेवटचे हात फिरवतानाही मौजच असते. पण मधले दिवस — काय सांगू! रंगाचा चिखल होतो, ओठ सुजल्यासारखे दिसतात, खरवडून पुन्हा भरण्यावाचून इलाज नसतो. ती रोज चालत यायची. "दात पुडं हायत रं त्याचे, व्हट मिटत नायत. डाव्या भुवईला खाच हाय, बैलाचं शिंग लागल्याली." मी खरवडायचो. "जवळ आलाय. पन त्यो नाय." अकरा दिवस! तिचा धीर सुटला नाही. माझा सुटला.

बाराव्या दिवशी ती यायच्या आत मी — कसं सांगू? — तिथे रामाचा चेहरा घालून टाकला. देवळांत काढून काढून हातात बसलेला होता तो. वर मिशी दिली, झालं.

"खाच कुटं हाय रं?" तिनं विचारलं.

तेव्हा गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "मावशी, मी धर्माला बाजारात पाहिला होता. असाच होता. दुःखानं तुमचं चित्त थाऱ्यावर नाही."

तिनं चित्रातल्या भुवईजवळ बोट नेलं. मग म्हणाली, "तू बगितलास? मंग माजंच इसरलं आसंल." आणि इतके दिवस त्रास दिला म्हणून माझीच माफी मागितली! शेजारणी कुजबुजल्या तर त्यांना सांगायची, पेंटरनं बगितल्याला हाय.

आणखी चार दिवस खरवडलं असतं तर आला असता का तो? कोण जाणे. मी खरवडलं नाही, एवढं खरं.

पुढं बऱ्याच वर्षांनी देवळाच्या कामाला पळसदरीला गेलो, तिच्या घरी पाणी प्यायलो. भाचीला ती चित्र दाखवत होती. "भुवया बग गं, कोरल्यावानी. जल्मापासनं अशाच हुत्या." मी तांब्या खाली ठेवला नि निघालो.

ती विसरून गेली. मला मात्र सगळं पाठ आहे — पुढे आलेले दात, न मिटणारे ओठ, डाव्या भुवईची खाच. आणि मी त्याला कधी पाहिलेलंच नाही.