पाठवणीचा धवला

कासूच्या हौसामावशीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुली नांदायला पाठवल्या. ती धवलारीण. आमच्या पेण-रोह्याच्या खाडीकडच्या गावांत आगऱ्यांच्या घरी लग्न निघालं की आधी धवलारणीला सांगायचं. ती धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी गाते, तसे विधी पुढे सरकतात. निडीपासून पेणपर्यंत ती किती मांडवांत उभी राहिली असेल, तिलाच ठाऊक. शिकायला मात्र एक पोरगी फिरकली नाही. सगळ्यांना डीजे हवा, त्याला कोण काय करणार!

यंदा तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. त्याआधी सगळे धवले उतरवून ठेवायचे, एकही सुटता कामा नये, हा हट्ट तिचाच. तिचा मुलगा प्रविण धाटावच्या कंपनीत आहे. शिफ्ट सुटली की तो तिचं गाणं मोबाइलवर घ्यायचा आणि मला पाठवायचा. मी पेणला कॉम्प्युटरचे क्लास घेते. माझ्या विद्यार्थिनी ऐकून टाइप करायच्या: एका धवल्याची एक एक्सएमएल फाइल, आणि तिच्यात विधी, ओळ, नवरीचं नाव, तिच्या आईचं नाव अशा वेगवेगळ्या खुणा. नाव घेतल्याशिवाय धवला गायचा नाही, ही मावशीची रीत. रेकॉर्डिंगपुरतं कुणाचं तरी नाव घेत असेल, असं मी धरून चालले होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी सगळं तपासायला बसले. नुसता शब्द शोधून भागेना. ‘हळद’ टाकलं की जिथे जिथे हळद आली ती प्रत्येक ओळ समोर. म्हणून कमांड लाइनवर फक्त विधीची खूण विचारली. हळद होती, तेलवण होतं, मांडव होता, लग्न होतं. पाठवणी नव्हती. पोरींनी भलत्याच विधीखाली घातली की काय, म्हणून प्रत्येक फाइलमधल्या बाकीच्या खुणाही काढल्या, आधी नवरीची नावं. प्रत्येक फाइलमध्ये एकच नाव, मालू. आईचं नाव विचारलं, तर सगळीकडे हौसा.

प्रविणला फोन केला. “मालू कोण रे?”

“माजी मोठी बहीन, ताई. साखरपुडा झालता तिचा. लग्नाच्या आधी काविळीनं गेली.” मग म्हणाला, “पाठवनीचा तुम्हीच विचारा आईला. मना नाय जमनार.”

मी कासूला गेले. मावशी हॉस्पिटलची पिशवी भरत होती. आवाज आधीच घोगरा झालेला.

“मावशी, पाठवणीचा धवला राहिला गं.”

“राहिला नाय. मी नाय गायली.”

“आज नाही गायलीस तर कायमचा जाईल. दुसऱ्या कुणाचंही नाव घे.”

तिने पिशवी खाली ठेवली. “हळद मी तिलाच लावली, मांडवान तिलाच बसवली. आता पाठवनीला दुसरीचा नाव घेऊ?”

“मग तिचंच घे.”

“तिचा घेतला त तिला पाठवाय लागंल. कुठं पाठवू गो तिला?”

मला रडू आवरेना. मोबाइल काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि मावशीचा आवाज गेला. पाठवणीचा तो धवला आता कुणालाच येत नाही. मालू आईकडेच आहे.