मामा बाटणार म्हणून रोहिणखेडला

दामूमामा ख्रिस्ती होणार अशी बातमी पुण्यात आली, तेव्हा आईने आधी देवापुढे दिवा लावला आणि मग मला कामाला लावलं. "तू मॅट्रिक झालास ना? त्या पाद्र्याशी इंग्रजीत भांड आणि माझ्या भावाला सोडवून आण."

ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. दौंडवरून मनमाड, तिथे गाडी बदलायची, भुसावळ मागे पडलं की मलकापूर. डब्यातली मंडळी धरूनच चालतात की तुम्ही शेगावला दर्शनाला निघालात. मी खरं कारण सांगितलं तेव्हा समोरच्या आजोबांनी हळहळून मला दोन केळी दिली. मलकापूरला बुलढाण्याची सर्व्हिस मोटार मिळते. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली की चढ चढत नाही. मग उतरून ढकलायचं, तिकिटात सूट नाही. मोताळ्याहून बैलगाडी. अंथरूण सोबत असू द्या. रोहिणखेडची जुनी मशीद दिसली की गाडीवान "आलंच" म्हणतो आणि त्यानंतर खुशाल तासभर हाकत राहतो. मामांचं खेडं पलीकडे.

दिवेलागणीला पोचलो. मामा ओसरीवरून ओरडले, "गुड मॉर्निंग!"

मिशनच्या इंग्रजी वर्गात ते एवढंच शिकले होते. वर्ग कडुनिंबाखाली भरायचा आणि चहा फुकट होता. पाद्रीसाहेबांनी गावसुधारणेसाठी विलायती पांढरे कोंबडेही वाटले होते. गावाने ते मनोभावे स्वीकारले आणि रश्श्यात घातले.

सोनामामींनी भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा वाढला. डोळ्यांतलं पाणी पुसत मी विषय काढला.

"मामा, झालं काय?"

"गावजेवनात पाटलानं मले दुसऱ्या पंगतीले बसवलं. मले!"

"म्हणून धर्म बदलायचा?"

"मंग काय गाव बदलू?"

मामींनी माझ्या ताटात आणखी ठेचा वाढला. रोज दुपारी त्या मिशनच्या दवाखान्यात पाद्रीसाहेबांच्या मडमेच्या हाताखाली काम करायच्या, एवढंच मला कळलं.

दुसरा दिवस रविवार, मामांच्या बाप्तिस्म्याचा. सगळं गाव मिशनच्या आवारात, मामा धुतलेल्या धोतरात. मी पाठ केलेलं इंग्रजी पाद्रीसाहेबांना एका दमात ऐकवलं. तो उंच, गोरा माणूस शांतपणे म्हणाला, "बसा, बसा. पुन्याहून आले का तुमी? चाय घेता?" बरीच वर्षं इथे काढल्यामुळे त्यांची मराठी अस्सल वऱ्हाडी होती. गावाने मात्र ठरवलं की माझं इंग्रजीच कच्चं, म्हणून बिचाऱ्या साहेबाला मराठीत बोलावं लागलं.

मग ते मामांकडे वळले. "दामोदरराव, तुमाले येशू पायजे, का पाटलाची माफी?"

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आंधी माफी. मंग पाहू."

पाटील नारळ घेऊनच आले होते. "चुकलं बा. पुढच्या टायमाले पयली पंगत." नारळ फुटला. मामा वाचले. मी मनातल्या मनात आईची शाबासकी घेत होतो.

तेवढ्यात मडमेने बायकांच्या घोळक्यात इंग्रजीत काहीतरी विचारलं. सोनामामी उभ्या राहिल्या. "येस. आय विल गो."

"कुठी?" मामांनी विचारलं.

"अकोल्याले. सुईनीचं शिकाले."

"ख्रिस्ती होऊन राह्यली का वो तू?"

"मले तसं कोनी म्हनलं नाही, न मी तसं सांगतलं नाही. माही दोन लेकरं गेली तवा गावात कोनाले काई समजत नव्हतं. आता मी समजून घेते म्हनते."

कोणी हसलं नाही. मामा माझ्याकडे वळले. "भाच्या, समजाव हिले."

मी जवळ गेलो. "मामी, गाव काय म्हणेल?"

"मामा बाटते म्हनून गाव नारळ घेऊन आलं. तू पुन्याहून आला. कोनासाठी आला?"

"मामांसाठी."

"मंग त्याहीले सांभाळ."

मी मामांजवळ जाऊन बसलो.

दोन दिवसांनी मोताळ्यापर्यंत गाडी मामांनीच हाकली. वाटभर ते फक्त बैलांशी बोलले. मोटारीवर मामींची ट्रंक चढवून झाल्यावर त्यांनी अंगावरची शाल काढली. "थंडी वाजन. घे." मामींनी ती घेतली आणि मांडीवर घट्ट धरून बसल्या. मलकापूरला त्यांची गाडी नागपूरच्या बाजूला गेली, माझी भुसावळच्या.

पुण्यात आईने ऐकून घेतलं. भाऊ वाचला याचा आनंद करावा की वहिनी गेली याचं दुःख, हे तिचं कितीतरी दिवस ठरत नव्हतं. माझंही ठरलं नाही. तिखट विसरलो, ढकललेली मोटार विसरलो. उभ्या राहिलेल्या मामी तेवढ्या डोळ्यांपुढून जाईनात.

उन्हाळ्यात मामा आमच्याकडे आले, अकोल्याहून. आल्या आल्या मला म्हणाले, "मले इंग्रजी शिकव."

"आता काऊन?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"तुही मामी तिथल्या डाक्टरीनबाईसंग इंग्रजीत बोलते अन् हासते. मले वाटते माह्यावरच हासते."

आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. "तिला घरी चल म्हणालास की नाही?"

मामा पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला.

"म्हनाचं होतं," ते म्हणाले. "पन एका बाईले कळा सुटल्या होत्या. तुही मामी कामात होती."