मार्तंडबाबूंची बत्तीस वर्षे

मार्तंडबाबू रोज सकाळी नऊला बीबी गावच्या बस थांब्यावर हजर होतात. कुठे जायचे असते म्हणून नव्हे. शाळेत हेडक्लार्क म्हणून अडतीस वर्षे काढलेला माणूस निवृत्त होऊन दिवसभर घरात बसला, तर त्रास बायकोला होतो. स्नेहलतावहिनींनी हे दुसऱ्याच आठवड्यात ओळखले आणि त्यांना चहाच्या टपरीकडे रवाना केले. तेव्हापासून बाबू तिथल्या बाकावर बसून गावाला माहिती पुरवतात. लोणारचे सरोवर कसे झाले, मेहकरची बस का उशिरा येणार, कोणत्या घराण्यात कोण कधी वेगळे निघाले. गाव ही माहिती घेत नाही, हा गावाचा करंटेपणा. मी घेतो. चहा ते पाजतात.

अशा माणसापुढे गेल्या जानेवारीत एक डेन्मार्कची बाई उतरली. इंग्रिड तिचे नाव. पाठीवर स्वतःहून मोठी पिशवी, हातात वही. लोणार पाहून झाले होते आणि जालन्याच्या बसला दोन तास होते. समोर झाडांवरून एक पांढरा घुमट आणि पंचरंगी ध्वज दिसत होता. तिने इंग्रजीत विचारले, "ते बौद्ध मंदिर आहे का? तुम्हाला त्याची काही माहिती आहे?"

हा प्रश्न मार्तंडबाबूंना निवृत्तीपासून कोणी विचारला नव्हता. कशाचीही माहिती आहे का, असा. ते उभे राहिले. शर्ट खोचला. शाळेच्या पत्रव्यवहारात कमावलेल्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, या गावातला दगड अन् दगड मला ओळखतो. चला."

मी कानात म्हटले, "बाबू, तुम्ही कधी गेलात विहारात?"

"गावातच तर आहे," बाबू म्हणाले. उत्तर म्हणून हे काही वाईट नव्हते.

विहार थांब्यापासून चारशे पावलांवर आहे. मार्तंडबाबूंना तिथे पोचायला वयाची चौसष्ट वर्षे लागली. मला बावन्न, पण मी कोणाला वाट दाखवत नव्हतो. वाटेत बाबूंनी बाईंना एक नारळ, हळदीकुंकवाची पुडी आणि उदबत्ती घ्यायला लावली. देवाच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये, ही हजारो वर्षांची बौद्ध परंपरा असल्याचे त्यांनी सांगितले. तिने ती वहीत लिहून घेतली.

दारात चपला निघाल्या. बाबूंचा उजवा हात सवयीने वर गेला, घंटा वाजवायला. घंटा नव्हती. हात हवेत चाचपडला आणि परत आला. इंग्रिडने नीट पाहिले आणि तिनेही हात वर करून हवेत चाचपडले. मग बाबू प्रदक्षिणेला निघाले. मूर्ती भिंतीला टेकलेली, त्यामुळे चार पावलांत वाट संपली. ते भिंतीकडे तोंड करून थांबले. मागे इंग्रिड थांबली. बराच वेळ दोघे भक्तिभावाने भिंत बघत होते.

"बाबू," मागून आवाज आला, "तिकडं रस्ता नाई हो."

वच्छलाबाई. हातात केरसुणी. शाळेत बावीस वर्षे बाबूंच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसलेल्या शिपाई. बावीस बुद्धपौर्णिमांना त्यांनी बाबूंना विहारात खिरीला बोलावले होते आणि बाबूंनी बावीस वेगवेगळी कारणे दिली होती. एकदा दाढ, एकदा मेहुणा, एकदा जनगणना.

त्यांनी बाबूंच्या हातातला नारळ बघितला. "आमच्यात नारळ फोडत नाई, बाबू. कुकूबी लावत नाई. ठेवा तो तिकडं, चटणीले होईन."

"काय म्हणाल्या?" इंग्रिडने विचारले.

"नारळ स्वीकारला," बाबू म्हणाले.

इंग्रिड इकडेतिकडे पाहत होती. बहुधा तिला अंधार, गूढ घंटानाद आणि डोळे मिटलेले भिक्खू हवे होते. इथे होत्या ट्यूबलाइट, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली चकचकीत फरशी आणि बाजूच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडून बसलेली सात-आठ पोरे. "भिक्खू कुठे आहेत?" तिने विचारले.

बाबूंनी वच्छलाबाईंना विचारले. "भंतेजी मेहकरले गेले," त्या म्हणाल्या, "एका पोराच्या नामकरणाले. पाचच्या बसनं येतीन."

"ते ध्यानासाठी अरण्यात गेले आहेत," बाबूंनी इंग्रिडला सांगितले. ती भारावली. बाजूच्या खोलीतून कोणीतरी खोकले.

मग तिने तो प्रश्न विचारला. "आणि तुम्ही स्वतः इथे किती वर्षांपासून येता?"

सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बाबूंचा शब्द लिहून घेत होते. खरे सांगितले तर वही मिटणार, आणि उद्यापासून पुन्हा फक्त मी. फुकट चहाचा श्रोता. ते वच्छलाबाईंकडे वळले. "वच्छलाबाई, ती विचारते, विहार किती वर्षांचा आहे?"

"बत्तीस झाले."

"बत्तीस," बाबूंनी इंग्रिडला सांगितले.

इंग्रिडने हात जोडले. बत्तीस वर्षे रोज ध्यान करणारा माणूस आपल्याला बस थांब्यावर भेटावा, याचा तिला गहिवर आला आणि ती भराभरा लिहू लागली. खोकणारी व्यक्ती तेवढ्यात दारात आली. वच्छलाबाईंची पोरगी काजल. विहाराची अभ्यासिका तीच चालवते, आणि तिचे इंग्रजी बाबूंच्या इंग्रजीइतके जुने नाही.

"काय झालं वं?" वच्छलाबाईंनी तिला विचारले. काजलने दोन वाक्यांत सांगितले.

वच्छलाबाईंनी केरसुणी भिंतीला टेकवली. "जाऊ दे. बाबू आपलेच आहेत."

"काऊन जाऊ देऊ, माय? भंतेजीले अरण्यात धाडलं, तवा मी बोलली का? पण हे ते बाई वहीत लिहून राह्यली."

आता सगळे बाबूंकडे पाहत होते. इंग्रिडसुद्धा, लेखणी उचलून. भाषा कळली नाही तरी काहीतरी अडले आहे एवढे डेन्मार्कातही कळत असावे.

"मी नाई सांगत," काजल म्हणाली. "तुमीच सांगा, काका."

बाबूंनी घसा साफ केला. नेहमीचे लांबलचक इंग्रजी त्यांना सापडेना. शेवटी तीनचार शब्दांत म्हणाले, की मॅडम, मीही आज पहिल्यांदाच आलो.

इंग्रिड आधी हसली, तिला तो विनय वाटला. मग हसायची थांबली. "पण तुम्ही तर इथेच राहता," ती म्हणाली. "का नाही आलात?"

दुभाष्याला अशा वेळी एक सोय असते. आपल्याला विचारलेला प्रश्न तो दुसऱ्याला विचारू शकतो. बाबू वळले. "वच्छलाबाई, ती विचारते, काऊन नाही आले म्हणून."

"मले नका विचारू, बाबू," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, शाळेत चहा हवा का विचारायच्या तसाच होता. "मीच बावीस वर्षं तुमाले विचारून राह्यली."

मी फरशीचे चौकोन मोजत होतो, कारण पुढचा प्रश्न माझ्याकडे यायची भीती होती. बाबू इंग्रिडला म्हणाले, "कारण नाही. कारणे पुष्कळ दिली, पण कारण नव्हते."

इंग्रिडने मान हलवली. वहीत बत्तीसवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिले, आज पहिला दिवस.

बाबू वाकून बघत होते. अडतीस वर्षांची नोकरी अशी एका रेघेने जात नसते. "मॅडम," ते म्हणाले, "दप्तरात खाडाखोड केली की बाजूला सही लागते. नाहीतर ती धरत नाहीत."

त्यांनी तिच्या हातून लेखणी घेतली, रेघेच्या शेजारी आपली पूर्ण सही केली, खाली तारीख टाकली आणि वही वच्छलाबाईंपुढे धरली.

"साक्षीदार म्हणून," ते म्हणाले.

वच्छलाबाईंनी पदराला हात पुसले आणि सावकाश, एकेक अक्षर लावत, सही केली.