खुंटीवरचा दोर आणि रोटाच्या पाच मुठी

मला काही नवं कळलं, की ते पोटात राहत नाही. जळगावला एम.ए. करताना मनोविश्लेषणाचा पेपर होता, आणि तो शिकायला लागल्यापासून मी घरच्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. भाऊ गाडीची किल्ली विसरला, की मी त्याला अडवायची, "विसरला नाहीस तू. तुला जायचंच नव्हतं!" आई म्हणायची, "हिला आधी जेवायला वाढा रे कोणीतरी."

त्या श्रावणात मला वर्गापुढे एका शोकान्त नाटकावर निबंध वाचायचा होता. नाटकात एक पोलीस पाटील आहे. धाकटा भाऊ विहिरीत उतरलेला असताना तो वरून दोर ओढून घेतो आणि निघून जातो. भाऊ बुडतो. गाव म्हणतं, अपघात. चौकशी करणाराही हाच. म्हणजे सुटलाच होता की हो! पण तो ओला दोर हा गडी आपल्याच ओसरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा खुंटीला टांगतो आणि पकडला जातो.

सगळा वर्ग म्हणत होता, घाईत विसरला बिचारा. मी एकटी सगळ्यांशी भांडले. विसरला कसला, डोंबल! बापाचा जीव धाकट्यावर, हे त्याला लहानपणापासून सलत होतं. भाऊ नसता तर बरं, हे त्याच्या मनात कधीपासून होतं आणि त्याची टोचणीही तेव्हापासूनच. खून नंतर झाला. त्याला आता शिक्षाच हवी होती, पण तोंडाने कबूल करवेना, म्हणून हातांनी दोर टांगला. हे सुचलं त्या दिवशी मी होस्टेलच्या जिन्यावरून अक्षरशः उड्या मारत उतरले होते.

कानबाई देवीच्या सणासाठी शनिवारी सकाळीच पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावी आले. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे आणि दळायचे. हे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. आमच्या घरात पुरुष दोन, आबा म्हणजे माझे वडील आणि भाऊ. पण मुठी मोजायला आबा बसले, की दरवर्षी पाच व्हायच्या. एकदा देवीच्या नावाने घातलेलं धान्य परत काढायचं नाही, म्हणून मग पुढचे चार दिवस आम्ही वाळून कडक झालेले रोट चावत बसायचो. आई कपाळाला हात लावायची, "दोनापर्यंत मोजता येत नाही ह्या माणसाला!"

त्या सकाळीही आबा गव्हाची पाटी घेऊन बसले होते. मी म्हटलं, निबंध ऐका. आई डाळ निवडत होती, तीही अडकली. मी हातवारे करत वाचत सुटले. "विसरणं हे विसरणं नसतंच. ज्याला बोलता येत नाही, त्याचे हात बोलतात," इथपर्यंत आले आणि माझं लक्ष आबांच्या हाताकडे गेलं. तीन. चार. पाच.

"सापडलं!" मी ओरडलेच. "आबा, तुम्ही चुकत नाही! ह्या तीन मुठी नानाच्या घरच्या आहेत! नाना आणि त्याची दोन पोरं!"

नाना म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, धुळ्याला असतो. बारा वर्षांपूर्वी आजोबा गेले, तेव्हा नानाला वेळेवर कळलंच नाही. आबा म्हणाले, फोन लागला नाही. नाना म्हणाला, खोटं. तेव्हापासून बोलणं बंद. कोर्टात भांडणारे भाऊबंदसुद्धा कानबाईला एका पंगतीला बसतात, नाना मात्र आला नाही.

आणि मी मूर्ख! थांबावं की नाही? आनंदाच्या भरात पुढचं बोलून गेले, "म्हणजे तुम्हाला कसली तरी टोचणी आहे. काय केलंत तुम्ही?"

आईच्या हातातली डाळ तशीच राहिली. आबांनी माझ्याकडे बघितलं. ते उठले, मोजलेले गहू पिशवीत ओतले, टोपी घातली. "चल धुळ्याले," एवढंच म्हणाले.

एसटीत ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी खिडकीशी घाबरून बसले होते आणि खोटं कशाला सांगू, आतून उकळ्याही फुटत होत्या. माझं वाचन खरं ठरणार होतं! पण नानाने दार लावून घेतलं तर? आबा साठीला आलेले, पुन्हा कुठलं जाणं होणार होतं त्यांच्याच्याने?

दार नानानेच उघडलं. 'या' म्हणाला नाही. आबा उंबऱ्याबाहेरूनच बोलले, "फोन लागना नही, ते खोटं शे. मी लावाच नही. बाप मरताना सारखं तुनंच नाव ले. माले सहन झालं नही."

नानाचं तोंड लालबुंद झालं. मला वाटलं, आता हात उचलतो. "मी बापाचं तोंड पाहिलं नाही, भाऊ," तो म्हणाला. "हे मी माफ करणार नाही. मरेपर्यंत नाही."

आबांनी मान हलवली. ते हेच ऐकायला आले होते, माझ्या निबंधात अगदी अस्संच लिहिलं होतं. ते वळले, तेव्हा पिशवीतले गहू सळसळले. नानाने विचारलं, "हे काय?"

"रोटाचे. तुम्हा तिघांच्या मुठी दरसाल घालतो."

नाना आत गेला. पत्र्याचा डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तो मूठ आवळून. आबांच्या पिशवीत त्याने ती रिकामी केली आणि सव्वा मूठ व्हावी म्हणून दुसऱ्या हातातले चिमूटभर गहू वर टाकले.

"तीन नाही, चार," तो रागातच म्हणाला. "मला नातू झालाय."

नाटकातल्या पाटलाला फाशी झाली होती. माझ्या निबंधाचं शेवटचं पान, शिक्षेखेरीज त्याला सुटका नव्हती असं ठासून सांगणारं, मी परतीच्या एसटीत फाडलं आणि आबांच्या खांद्यावर डोकं ठेवून भरपूर रडून घेतलं.

सोमवारी सकाळी कानबाईला निरोप देऊन आम्ही घरी आलो, तर आई रोटांची रिकामी दुरडी घेऊन उभी. नाना, त्याची पोरं, सुना, सगळे ओसरीत बसलेले. आई आबांवर कडाडली, "सहा मुठी कुठे पुरतात एवढ्या जणांना? मोजताच येत नाही ह्या माणसाला!"