नग मोजले, वजन नाही

दोन हजार साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. शिवाजी पेठेतून रोज सकाळी बस पकडून मी गावाबाहेरच्या एका फौंड्रीत कामाला जायची. कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, एवढ्या एका गोष्टीवर मला नोकरी मिळाली होती. अख्ख्या कारखान्यात कॉम्प्युटर एकच. त्याच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. मालकसुद्धा काढायचे.

आमचे मॅनेजर पुण्याहून तीन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आले आणि म्हणाले, "आपल्याला डॅशबोर्ड करायचाय." मला डॅशबोर्ड म्हणजे मोटारीतला, एवढंच माहीत. त्यांनी कागदावर उभ्या दांड्या काढून दाखवल्या. लोखंड ओतायचे साचे भरणाऱ्या चार टोळ्या होत्या. प्रत्येक टोळीची एक दांडी. टार्गेट गाठलं तर हिरवी, नाही गाठलं तर लाल.

"काम कशात मोजायचं, सर?"

"नगांत. नग मोजायला सोपे."

आपण निदान प्रश्न तरी विचारला होता, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं एवढंच, की उत्तर मिळालं आणि मी कामाला लागले. खूश होऊन लागले. आकडे भरायचे, एक बटण दाबायचं आणि दांड्या आपोआप उभ्या राहायच्या, याचं मला फार अप्रूप होतं. रंगीत प्रिंट काढून हजेरीच्या मशीनशेजारच्या बोर्डावर मी स्वतः टाचण्यांनी लावली.

तीन दांड्या हिरव्या होत्या. चौथी लाल आणि बुटकी.

चौथ्या टोळीचा मुकादम कोडोलीचा होता. पन्नाशी ओलांडलेला, शांत माणूस, साचे भरण्यातच जन्म गेलेला. बाकीच्या टोळ्या पंपाचे छोटे भाग काढायच्या. लेथ मशीनचे बेड, म्हणजे मशीनच्या तळाचे अवजड ओतीव सांगाडे, मात्र याच्याच टोळीकडं असत, कारण दुसऱ्या कुणाला ते धड जमत नसत. त्याला वाचता येत नव्हतं. पण लाल रंग दिसायला अक्षरओळख लागत नाही, आणि न विचारता वाचून दाखवणारे तर बोर्डापाशी चिक्कार होते.

दुपारी तो माझ्या दाराशी आला. चपला काढल्या, तरी उंबऱ्याच्या आत आला नाही.

"म्याडम, त्या कागदात वजन कुठं धरलंय?"

"वजन नाही धरलं. नग धरलेत."

"आमचा एक बेड म्हंजे त्येंचं चाळीस नग. आन् कागद म्हणतोय आमी झोपा काढतोय."

मला ते तिथल्या तिथं पटलं. मी म्हटलं, "साहेबांना सांगते."

सांगितलंही. मॅनेजर म्हणाले, "पहिल्याच महिन्यात बदलत बसलो तर बोर्डावर विश्वास कोण ठेवील?" तरी मी पुढच्या आठवड्यात वजनकाट्यावरचं रजिस्टर मागवून घेतलं आणि टनांवर नवा आलेख केला. कोडोलीच्या मुकादमाची दांडी बाकी तिघांच्या वर गेली, चांगली चार बोटं. प्रिंट काढून मी ती मॅनेजरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण हे बोर्डावर लावू नकोस."

"का, सर?"

"उद्या हे वजनावर मजुरीचा रेट मागतील. देणार कोण?"

त्यांनी कागदाची घडी केली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. मी माझ्या खोलीत परत आले.

त्यानंतर मुकादम मला तीनदा भेटला. तिन्ही वेळा त्यानं एकच विचारलं, "झालं का वजनाचं?" आणि तिन्ही वेळा मी म्हणाले, "बघतायत साहेब." चौथ्यांदा त्यानं विचारलं नाही. नुसती मान हलवून पुढं गेला.

बोर्डावर सलग चार महिने लाल दांडी लागली. मग त्याची टोळी मोडली. माणसं इतर टोळ्यांत वाटली आणि त्याला वाळू चाळायला बसवलं, जिथं नवीन माणसाला बसवतात. जेवणाच्या सुट्टीत पोरंठोरं त्याला "लाल दांडी" म्हणायची. पंधरा दिवस त्यानं वाळू चाळली. मग यायचा बंद झाला.

बेड आता दुसरी टोळी भरू लागली. ते तडकून निघायचे, फोडून पुन्हा भट्टीत जायचे. त्या फुटक्या मालाचाही आलेख मीच करायची. तो बोर्डावर कधी लागला नाही.

मालक मात्र बोर्डावर फार खूश होते. बाहेरचे पाहुणे आले की आधी तिथं न्यायचे, मला बोलावून घ्यायचे आणि सांगायचे, "हे सगळं या पोरीनं केलंय." त्या वर्षी मला कायम केलं. घरी पेढे वाटले.

काही महिन्यांनी मुकादमाच्या जुन्या टोळीतला एकजण रजेचा अर्ज टाइप करून घ्यायला खोलीत आला. मी मुकादमाची चौकशी केली.

"हाय की बरा. शेती करतोय."

"माझ्यावर चिडलेत का?"

"न्हाई. तुमच्यावर कशाला? म्हणत होता, त्या पोरीला समद्यांत आधी कळलं होतं."

अर्ज घेऊन तो गेला. मी त्या फौंड्रीत आणखी सात वर्षं काढली. दर महिन्याच्या एक तारखेला जुना कागद काढून नवा लावत होते. नगांचाच.