तिन्ही सर्व्हर सुस्थितीत

सई, निषाद — हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुमच्या आजोबांनासुद्धा नाही. आज लिहिते आहे, कारण सईला ऑफिसात सर्व्हरचा चार्ज मिळाला आणि ती फोनवर म्हणाली, "आजी, मी अगदी तुझ्यासारखी व्यवस्थित राहीन." माझ्यासारखी? फोन ठेवल्यापासून अंगाचा तिळपापड होतो आहे — राग सईचा नाही, माझाच.

आमच्या इस्पितळात तीन सर्व्हर होते. एक प्रमुख, दोन त्याची नक्कल ठेवणारे. प्रमुख बंद करायचा तर आधी दुसऱ्याला सगळं पोचवून त्याच्या हाती सूत्रं द्यायची. पण तिघांपैकी दोन जागे हवेतच. एकटा उरला की सारं ठप्प.

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात तिसऱ्याचा संपर्क तुटला. एक वायर सैल झाली होती, बस्स! मी ती बसवली नाही. पडद्यावरची धोक्याची सूचना बंद केली आणि चार्ज देताना कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं — 'तिन्ही सर्व्हर सुस्थितीत.' खाली सही.

का? माझ्यावाचून अडावं म्हणून. दुसरं काय!

माझ्या जागी काटोलची रंजना आली. पंखा बदलायला तिने प्रमुख सर्व्हर बंद केला — त्याआधी दुसऱ्याच्या हाती सूत्रं देऊन, अगदी नियमाप्रमाणे. जाण्याआधी सूत्रं नीट सोपवणं मला जमलं नाही, ते तिने केलं. तरी सगळं थांबलं. तपासणीचे रिपोर्ट अडले, खिडकीशी पेशंट ओरडू लागले. मला बोलावणं आलं. हुडकेश्वरच्या घरून ऑटोने गेले, वायर बसवली. टाळ्या वाजल्या — आणि मी त्या घेतल्या!

"मॅडम, मले काहून नाही सांगितलं तुम्ही?" रंजनाने सगळ्यांसमोर विचारलं.

"कागद दिल्यावर तिसरा तुटला, ते तोंडी सांगितलं होतं," मी म्हणाले. "लक्ष कुठे असतं तुझं?"

शिपाई हसला, "मॅडम गेल्या, अन् मशीनबी रुसली गा!" साहेबांनी कुणावर विश्वास ठेवला असेल? तीस वर्षं नीटनेटकी राहिलेल्या बाईवर, अर्थात. नीटनेटकेपणा! त्याच्याआड काय काय लपतं.

रंजनाला तिथून काढून भांडारात बसवलं. ती अजून तिथेच आहे. तिच्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणा' हा शेरा अजून आहे.