सॉलोमनच्या आलेखातले शनिवार

आमच्या निवृत्त कामगार मंडळाच्या अंकात यंदा प्रत्येकाने एका माणसाबद्दल लिहायचे ठरले. मी बत्तीस वर्षे धाटावच्या कंपनीत लॉगबुक भरले, त्यापलीकडे माझे लिखाण नाही, त्यामुळे कसे जमेल सांगता येत नाही. पण माणूस कोण हे ठरवायला वेळ लागला नाही. सॉलोमन वाकरूळकर.

सॉलोमन पेणचा. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू. त्याचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. त्याचे बहुतेक नातेवाईक इस्रायलला गेले. मुलगी नाओमीही तिकडेच आहे. तो आणि त्याची बायको रेचलबाई इथेच राहिले. का राहिलात, असे मी कधी विचारले नाही.

कंपनीत तो वर पॅनेलवर असायचा आणि मी खाली प्लांटवर. दर तासाला सहा टाक्यांचे तापमान बघून लिहायचे, हे माझे काम. एकदा घरी पाहुणे यायचे होते, शिफ्ट सुटल्या सुटल्या निडीला पळायचे होते, म्हणून मी तीनचे आकडे अडीचलाच लिहून ठेवले. सॉलोमन चहाला खाली आला आणि त्याची नजर लॉगबुकावर गेली.

"नाथा, तीन वाजलं?"

"वाजतील आता."

"मग तीनचा आकडा आला कुठून? टाकीनं फोन केला काय तुला?"

बाकीचे हसले. मी म्हटले, "अरे, रोज तेच असतंय. दोन डिग्री इकडं नायतर तिकडं."

तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला तो तीन वाजेपर्यंत बसला. मग आम्ही दोघे टाक्यांचा जिना चढून गेलो. पाचव्या टाकीचे तापमान मी लिहिल्यापेक्षा चार डिग्री जास्त होते. त्याने सुपरवायझरला सांगितले नाही. माझ्याकडून चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारून घेतली, शेजारी खरा आकडा लिहवला आणि सही करायला लावली. "खोडरबर नको. चुकलं ते पण दिसलं पायजे," एवढेच म्हणाला. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. पण त्यानंतर न बघता आकडा लिहायची छाती मला झाली नाही, आणि त्याचे मला भलेच झाले.

निवृत्तीनंतर सॉलोमनला पेणमध्येच काम मिळाले. मितेश नावाच्या मुलाची तिथे सात-आठ माणसांची फर्म आहे. लहान हॉस्पिटलांसाठी ते सॉफ्टवेअर बनवतात. पेशंटची नोंद, रक्ताचे रिपोर्ट, केसपेपर असले सगळे. सॉलोमनला कॉम्प्युटरचे फारसे कळत नव्हते आणि मितेशला तसाच माणूस हवा होता, रोज तेच काम त्याच पद्धतीने करणारा.

काम असे. सॉफ्टवेअरमध्ये सारखे काही ना काही बदल होत असतात. प्रत्येक बदलाला नवा नंबर देतात, त्याला व्हर्जन म्हणतात. बदलामुळे सॉफ्टवेअर हळू झाले की काय, हे कळायला रोज मोजावे लागते. सॉलोमन सकाळी दहाला चार ठरलेली कामे करायचा. पेशंट नावाने शोधणे, केसपेपर उघडणे, रिपोर्ट छापणे, दिवसाची यादी काढणे. प्रत्येक काम पाच वेळा, आणि पाचांतला मधला वेळ धरायचा. सेकंदांचा आकडा भरला की पडद्यावर आलेखात ठिपका पडतो. ठिपक्याखाली तो टीप लिहायचा: कुठले व्हर्जन, लाईट गेली होती का, कोणी मशीनला हात लावला का. मोजायचे मशीनही त्याने मुद्दाम जुने मागून घेतले. "हॉस्पिटलात जसं हाय तसं द्या. तुमच्या नव्या मशीनवर सगळंच पळतंय," असे तो मितेशला म्हणाला होता. आठवडाभर, रात्रंदिवस ते मशीन हॉस्पिटलात चालते तसेच, खोट्या पेशंटांवर चालू असायचे.

एकाच गोष्टीवरून दोघांचे वाजले. सॉलोमन शुक्रवारी चार वाजता मशीन बंद करून घरी जायचा, शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळायचा आणि रविवारी सकाळी येऊन चालू करायचा. त्यामुळे आलेखात दर शनिवारी जागा रिकामी. मितेश म्हणाला, "काका, तुम्ही येऊ नका ना, मशीन आपलं आपण मोजेल."

"आमच्या आज्याच्या घाण्याचा बैलसुद्धा शनवारी उभा असायचा. माझ्या हाताखालचं मशीन पण उभं राहील."

"मग निदान शुक्रवार-रविवारची सरासरी तरी टाका त्या जागी. गिऱ्हाइकाला दाखवताना बरं दिसत नाही."

"ज्या दिवशी मोजलं नाय, त्या दिवशीचा आकडा माझ्याकडं नाय."

मितेशने नाद सोडला. हे मला माझ्या सुनेने, नमिताने सांगितले. गेल्या मे महिन्यात ती त्याच फर्ममध्ये लागली. सॉलोमनने तिच्यासाठी शब्द टाकला नव्हता, ती परीक्षा देऊन लागली. आठ वर्षे ती घरी होती, नातवाला मोठा करत. माझा मुलगा विशाल कोलाडला नोकरीला आहे. रोज सकाळची गाडी पकडून निडीहून पेणला जायचे तिने ठरवले, तेव्हा मीच म्हणालो होतो, "कशाला गो ही दगदग?" आज ते वाक्य आठवले की लाज वाटते. तिला सहा महिने कच्चे ठेवले होते. ऑक्टोबरअखेर पक्के करायचे की नाही ते ठरणार होते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती संध्याकाळी घरी आली आणि ताट समोर घेऊन नुसती बसली.

"काय गो, झालं काय?"

"बाबा, एका हॉस्पिटलची तक्रार आली. पेशंटचं नाव टाकलं की बारा सेकंद थांबावं लागतं. काउंटरवर रांग लागते. नावाचा शोध मी नवा केला होता, सप्टेंबरात. मितेश सर म्हणतात, तुझ्यामुळेच झालं."

"तुझ्यामुळंच झालंय?"

"मला नाही वाटत. पण तीन महिन्यांपूर्वी दोन सेकंद लागायचे, आता इतके. मधल्या बदलांत सगळ्यात मोठा बदल माझाच. मी काय दाखवू त्यांना?"

त्या हॉस्पिटलला तीन महिन्यांचे सगळे बदल एकदमच दिले होते, त्यामुळे नेमके कशाने बिघडले ते तिथे कळायला मार्ग नव्हता. मला आठवला सॉलोमन. रविवारी मी नमिताला घेऊन पेणला गेलो. गाडीभर मी मनात वाक्ये जुळवत होतो. कोणाकडे काही मागायचे म्हणजे माझी जीभ जड होते. ऑफिसमध्ये तो एकटाच होता. रेचलबाईंनी दिलेला डबा उघडा, मशीन चालू.

"सॉलोमन, जरा पोरीसाठी मितेशला एक शब्द..."

"नाय टाकणार."

नमिता खाली बघू लागली.

"अरे, माझ्या शब्दानं सॉफ्टवेअर पळणार हाय काय? आलेख दाखवतो. तिच्या बाजूनं निघाला तर निघाला. विरुद्ध निघाला तर तेही मितेशला दाखवीन. चालंल?"

खरे सांगतो, मला ते चालणार नव्हते. मी उठून जायच्या बेतात होतो. नमिताच म्हणाली, "चालेल काका. दाखवा."

त्याने एप्रिलपासूनचा आलेख उघडला. मे, जून सपाट. नावाच्या शोधाला दोन सेकंद, दोन सेकंद, दोन सेकंद. पुढे मात्र करवतीसारखे दाते. सोमवारपासून वर चढत जायचे, शुक्रवारी पाच-सहा सेकंदांवर, मग शनिवारची रिकामी जागा, आणि रविवारी परत खाली.

"हे मी मितेशला तेव्हाच दाखवलं होतं," सॉलोमन म्हणाला. "त्यो म्हणाला, मशीन जुनं हाय, तापतं. रविवारी गार असतं म्हणून बरं चालतं. मला पण तसंच वाटलं. खाली लिहून ठेवलंय बघ. 'चढ येतोय. कारण माहीत नाही.'"

नमिताने खुर्ची पुढे ओढली. "पण काका, जूनमधले रविवार बघा. तेव्हा शुक्रवार आणि रविवार सारखेच आहेत. मशीन तेव्हाही हेच होतं ना?"

"व्हय."

"तेव्हाही शुक्रवारी बंदच करत होता?"

"शब्बाथ काय जुलैत सुरू झाला काय गो?"

ती हसली नाही. बोटाने ठिपके मोजत मागे मागे गेली आणि एका ठिपक्यापाशी थांबली. चौदा जुलै. सॉलोमनच्या टिपेत त्या दिवशी नवीन व्हर्जन चढवल्याची नोंद होती. नमिताचा बदल बावीस सप्टेंबरचा. दाते त्याच्या दहा आठवडे आधी सुरू झाले होते, आणि एकट्या नावाच्या शोधाला नाही, चारही कामांना.

"काका, सॉफ्टवेअर बंद केलं की बरं होतंय. चालू ठेवलं की काहीतरी साठत जातंय त्याच्या पोटात. हॉस्पिटलातलं तर चोवीस तास चालू असतं. तिथं रविवार येतच नाही."

सॉलोमन म्हणाला, "वाटणं झालं. आता मोजू."

दुपारभर ते दोघे मोजत होते. मी चहा आणला, गडब गावच्या माझ्या मेव्हण्याने दिलेली केळी सोलून ठेवली, एवढेच माझे काम. सॉलोमनने सगळी जुनी व्हर्जन जपून ठेवली होती. जुलैच्या आधीचे चढवून त्यावर पाचशे रिपोर्ट छापले, कागदावर नाही, फाईलमध्ये. वेळ दोन सेकंदच. चौदा जुलैचे चढवून तसेच पाचशे छापले. वेळ वाढत वाढत सहावर गेला. बंद करून पुन्हा चालू केले. दोन. नमिताने आत शोधून काढले: प्रत्येक रिपोर्टवर हॉस्पिटलचे बोधचिन्ह छापायची सोय त्या व्हर्जनमध्ये घातली होती. दर रिपोर्टला ते चित्र मशीनच्या मेमरीत घेतले जायचे, पण सोडले जायचे नाही. शेकडो चित्रे आत पडून राहायची आणि मशीनला हलायला जागा उरायची नाही.

"हे कोणी केलं होतं?" मी विचारले.

नमिता हळूच म्हणाली, "सरांनी स्वतः."

तिला पक्के करायचे की नाही, ते मितेशच ठरवणार होता. सॉलोमन शांतपणे डबा पुसत होता. "कोणी केलं ते लिहायचं नाय. कधी झालं ते लिहायचं. आणि पोरी, तुझं पण मोजायचं राह्यलंय."

तिचा बदल चढवून मोजले. दोन पूर्णांक तीन. पुन्हा मोजले, तेवढेच.

"तीन दशांश तुझ्या नावावर," तो म्हणाला.

"काका, हेही लिहिणार?"

"लिहिणार नाय तर काय? हे लपवलं तर बाकीचं कोण खरं मानील?"

मला त्याचा राग आला. घरी येईपर्यंत मी धुसफुसत होतो. एवढे सगळे निघाले होते, मग ते तीन दशांश कशाला? नमिताच मला म्हणाली, "बाबा, खरंच आहेत ते."

सोमवारी सॉलोमनने आलेख मितेशसमोर ठेवला. पुढचे नमिताने सांगितले. मितेश आधी म्हणाला, "काका, तुम्ही नाथाकाकांचे दोस्त. तिला वाचवायला बघताय." सॉलोमनने तीन दशांशावर बोट ठेवले. मितेशने ते वाचले, मग वरचे सगळे पहिल्यापासून वाचले. स्वतः खुर्चीत बसून पाचशे रिपोर्ट छापले, बंद केले, चालू केले. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "चूक माझी आहे. नमिता, सॉरी." तरुण मालकाच्या तोंडून हे निघणे सोपे नाही, म्हणून मी मितेशचेही आभार इथेच मानून टाकतो. दोन दिवसांत त्याने दुरुस्त करून हॉस्पिटलला पाठवले. महिनाअखेरीस नमिताला पक्के केल्याचे पत्र मिळाले.

ते पत्र घेऊन मी पेणला सॉलोमनच्या घरी गेलो. मला नीट आभार मानायचे होते, पण तोंडातून एवढेच निघाले, "तुझे उपकार..."

"कसले उपकार? मी तिच्या बाजूनं नव्हतो हां."

रेचलबाई आतून म्हणाल्या, "नाथाभाऊ, मनावर घेऊ नका. लग्नात सुद्धा हा माझ्या बाजूनं नव्हता."

तो कोणाच्या बाजूने नसतो, हेच माझ्या सुनेच्या कामी आले. दोस्त म्हणून एक शब्द त्याने टाकला असता तर मितेशने ऐकलाही असता कदाचित. पण नमिता सासऱ्याच्या ओळखीने टिकली, असे तिला आणि सगळ्यांना जन्मभर वाटले असते. आज ती स्वतःच्या कामावर टिकली आहे, हे फर्ममधल्या प्रत्येकाला माहीत आहे.

नोव्हेंबरभर ती त्या तीन दशांशाच्या मागे होती. परवा घरी आली ती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, दोन पूर्णांक शून्य पाच!"

"मग सॉलोमन काय म्हणाला?"

"म्हणाले, एका दिवसाचं काय सांगतेस गो, आठवडा भरू दे."

आज गुरुवार आहे. ठिपके खालीच आहेत, असे ती म्हणते.